विणलेली पिशवी लोंबते, बंद लांबतात: दोष कुठे शोधायचा

क्रोशाच्या सुईने पिशवी विणून झाली त्या दिवशी बंद खांद्यावर घेतले तर तिचं तोंड बरोबर काखेखाली येत होतं. तीन आठवड्यांनी तीच पिशवी मांडीवर आपटू लागली. दीड महिन्याने जिना चढताना तिचा तळ पायरीला घासायचा. मग मी दोन्ही बंदांना एकेक गाठ मारली, गाठी खांद्यात रुतल्या म्हणून सोडल्या आणि पिशवी खुंटीला अडकवून टाकली. तिथेही ती रिकामीच लोंबत राहिली.

दुसऱ्या पिशवीला जाड दोरा घेतला. वाटलं, दोरा जाड म्हणजे पिशवी दणकट. तीही लोंबली, उलट स्वतःच्याच वजनाने जरा जास्त. तिसऱ्या वेळी दोरा बदलला, नमुना बदलला, बंद रुंद केले. लोंबायची ती लोंबलीच. तेव्हा कुठे लक्षात आलं की मी दर वेळी काहीतरी बदलत होते, पण पिशवी नेमकी कुठे वाढते आहे हे एकदाही मोजलेलं नव्हतं.

आधी मोजा

मोजायला शिवणाची टेप, कागद आणि पाण्याने भरलेल्या एकेक लिटरच्या बाटल्या एवढंच लागतं. रिकामी पिशवी मेजावर सपाट ठेवून तीन मापं घ्यायची. एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत बंदाची लांबी. दोन जोडांच्या मधोमध, तोंडापासून तळापर्यंत अंगाची उंची. आणि बंद जिथे जोडला आहे तिथे काठ बाकीच्या काठापेक्षा किती वर आला आहे ते. मग रोज जेवढं ओझं नेता तेवढं भरून पिशवी दाराच्या कडीला दोन्ही बंदांनी अडकवायची आणि लटकत असतानाच तीच मापं परत घ्यायची. रात्रभर तशीच ठेवून सकाळी पुन्हा मोजायची. ओझं काढून तासाभराने चौथ्यांदा.

चौथं माप कंटाळून सोडू नका, खरी गोम त्यातच आहे. ओझ्याखाली वाढली आणि ओझं काढल्यावर परत आली, तर वीण लवचिक आहे एवढंच. त्याला दोष म्हणायचं कारण नाही. जी वाढ परत आली नाही ती कायमची. दर दिवशी तिच्यात थोडी भर पडते.

माझ्या तिसऱ्या पिशवीचा हिशोब असा निघाला: बंद ६० सेंमीचे ७१ झाले होते, अंग ३४ चं ३६, आणि जोडापाशी काठ २ सेंमी वर खेचला गेला होता. बंद ११ सेंमी वाढला तरी तो खांद्यावरून दुमडून जातो, म्हणून त्यामुळे पिशवी खाली येते साडेपाच सेंमी. त्यात अंगाचे दोन आणि जोडाचे दोन मिळवले की साडेनऊ. म्हणजे निम्म्याहून जास्त दोष बंदांचा, आणि मी तोवर सगळं डोकं अंगाच्या विणीवर चालवत होते.

तुमच्या पिशवीचे आकडे वेगळे येतील. पण बंद, जोड आणि अंग या तिघांपैकी गुन्हेगार कोण हे कळल्याशिवाय एकही टाका उसवू नका.

वीण का वाढते

सुती दोऱ्याचा एक तुकडा दोन्ही हातांत धरून ओढून पाहा. जवळजवळ वाढत नाही. आता त्याच दोऱ्याची पंधरा-वीस टाक्यांची साखळी घालून ओढा. सहज लांबते. दोरा तोच आहे, वाढला तो फंदा. गोल, सैल पडलेला फंदा ताण आला की लांबट होतो. रुंदीत पडून असलेला दोरा लांबीत जातो. म्हणून लांबलेला बंद अरुंदही झालेला असतो. जुन्या पिशवीचा बंद मधोमध आणि जोडाजवळ मोजलात तर हे लगेच दिसेल. जोडाजवळ शिलाईने धरून ठेवलेला भाग मूळच्या रुंदीचा असतो, मधला भाग दोरीसारखा झालेला असतो.

फंद्यात सुटा दोरा जेवढा जास्त, तेवढी वाढायला जागा जास्त. टाका उंच असेल तर तो दोरा आणखी वाढतो. इथे नावांचा गोंधळ नको म्हणून सांगते: मी मुका खांब म्हणते तो बुटका टाका. सुई घालून धागा ओढला की सुईवर दोन फंदे होतात, त्या दोन्हींतून धागा एकदम काढायचा. खांब म्हणते तो आधी सुईवर धागा गुंडाळून सुरू होणारा उंच टाका. रोजच्या पिशवीला बुटका टाका लागतो. खांबाची पिशवी लवकर होते, दोरा कमी लागतो, दिसायलाही नाजूक. पण आठवड्याभरात त्यातून पेन आणि किल्ल्या डोकावायला लागतात.

इंग्रजी नमुन्यावरून विणत असाल तर एक फसगत इथेच होते. अमेरिकी नमुन्यात ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात त्यालाच ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकी डबल क्रोशे म्हणजे मात्र आपला उंच खांब. ब्रिटिश नमुना हाती आला आणि आपण अमेरिकी सवयीने खांब घालत गेलो, तर संपूर्ण पिशवी जाळीदार आणि दुप्पट उंचीची होते, आणि दोष बिचाऱ्या दोऱ्याला लागतो. ओळखायची खूण सोपी आहे. नमुन्यात कुठेही सिंगल क्रोशे लिहिलं असेल तर तो अमेरिकी, हाफ ट्रेबल दिसलं तर ब्रिटिश.

बंद

एका बंदावर किती भार येतो याचा हिशोब मी फार उशिरा केला. दोन बंदांच्या पिशवीला चार जोड असतात. पिशवीत ४ किलो ओझं असेल तर प्रत्येक जोडावर, आणि म्हणून बंदाच्या प्रत्येक बाजूवर, साधारण १ किलो ताण येतो. चालताना बसणारे हिसके वेगळे. एकच लांब बंद असलेल्या, गळ्यातून आडव्या अडकवायच्या पिशवीला जोड दोनच; तिथे त्याच ओझ्याला ताण २ किलो. शिवाय तो बंद मुळातच लांब, तेव्हा तेवढ्याच टक्क्यांची वाढ सेंमीत दुप्पट दिसते. आडवी अडकवायची पिशवी नुसत्या विणलेल्या बंदावर ठेवण्याच्या मी आता वाटेला जात नाही.

या हिशोबाचा फायदा असा की बंदाची परीक्षा पिशवी विणायच्या आधी घेता येते. बंद ज्या दोऱ्याने आणि सुईने करणार आहात त्यानेच २० सेंमीची पट्टी विणा. वरच्या टोकाने टांगा, खालच्या टोकाला एक लिटर पाण्याची भरलेली बाटली बांधा. ४ किलो ओझ्याच्या पिशवीत बंदावर येतो तेवढाच ताण झाला. रात्रभर ठेवा. २० ची पट्टी सकाळी २२ झाली असेल तर वाढ दहा टक्के. मग ६० सेंमीचा बंद हवा असेल तर ६० ला १.१ ने भागा आणि साधारण साडेचौपन्न सेंमीचा विणा. २० ची २४ झाली तर भागाकार करत बसू नका, पद्धतच बदला.

पद्धत म्हणजे विणण्याची दिशा. बहुतेक जणी बंद असा विणतात: सहा टाके, उलटायचं, पुन्हा सहा टाके, उलटायचं, असं पुरेशी लांबी होईपर्यंत. सोपं आहे, हवं तिथे थांबता येतं. पण यात ओळी बंदाला आडव्या बसतात आणि ओझ्याचा ताण प्रत्येक टाक्याला त्याच्या उंचीच्या दिशेने ओढतो. साठ ओळी असतील तर साठही ओळी थोड्या थोड्या उंच होतात. त्याऐवजी बंदाच्या पूर्ण लांबीची साखळी घालून तिच्यावर लांबच लांब पाच-सहा ओळी घातल्या तर टाक्यांच्या माथ्यावरची वेणी ओझ्याच्या दिशेने सरळ धावते. ती थोडी आवळते आणि थांबते. एकाच दोऱ्याच्या दोन्ही प्रकारच्या पट्ट्या शेजारी शेजारी टांगून पाहा, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबायला नको.

उभ्या ओळींच्या या बंदाची एक खोड आहे. सुरुवातीची साखळी घट्ट पडली तर बंद केळ्यासारखा वाकतो. साखळी अर्धा मिलिमीटर मोठ्या सुईने घाला, पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घ्या.

मग दोन्ही कडांनी स्लिप स्टिचची एक ओळ घट्ट घाला. म्हणजे टाक्यातून ओढलेला धागा तसाच सुईवरच्या फंद्यातूनही बाहेर काढायचा. स्लिप स्टिचला उंची जवळजवळ नसतेच, त्यामुळे वाढायलाही फारसं काही उरत नाही. दिसायलाही कड रेखीव होते. फक्त दोन्ही कडांचा हात सारखा हवा, एक कड आवळून आणि एक सैल झाली तर बंद पीळ खातो.

एवढं करूनही जड ओझ्याला हे पुरत नाही. पुस्तकं, लॅपटॉप, पाण्याची बाटली असं रोजचं ओझं असेल तर बंदाच्या आत न वाढणारं काहीतरी घालायलाच हवं. कापडी पिशव्यांना असतो तो विणीव सुती पट्टा, २५ मिमी रुंदीचा, सगळ्यात चांगला. विणलेला बंद थोडा रुंद करून त्या पट्ट्यावर नळीसारखा दुमडायचा आणि कडा एकमेकींना शिवून टाकायच्या. पट्टा विणलेल्या बंदाच्या न ताणलेल्या लांबीएवढाच कापायचा, अधिक जोडात जाणारा भाग. तो सैल राहिला तर घातला काय नि न घातला काय. वीण आधी ताणली जाईल आणि मग कधीतरी पट्टा कामाला लागेल. नायलॉनचा पट्टा असेल तर कापलेली टोकं मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरली की धागे सुटत नाहीत. सुती पट्ट्याची टोकं दुमडून शिवायची, त्याला ज्योत दाखवू नका.

जोड

काठाचा डोंगर होतो त्याचं कारण एकच. सहा टाक्यांच्या रुंदीचा बंद काठावरच्या सहाच टाक्यांना शिवलेला असतो आणि सगळं ओझं त्या सहा टाक्यांवर. शेजारचे टाके मजेत बसलेले असतात.

ओझं खाली पसरवा. बंदाचं टोक काठावर न थांबवता आतून ६ ते ७ सेंमी खाली आणा आणि चौकोन शिवून त्यात फुली मारा, बॅगांना असते तशी. शिवायला विणीचाच दोरा चालतो, पण टाका उलटी टीप हवा. धावदोरा घातलात तर ओझ्याखाली तो सरकतो आणि शिलाईच गोळा होते. शिवताना सुई फंद्यांमधल्या भोकातून न काढता दोऱ्याच्या आरपार काढा. भोकातून गेलेली शिलाई फक्त फंद्याला धरते आणि फंदा सरकतो, हे वर आलंच आहे. आतल्या बाजूला जाड कापडाचा एक तुकडा ठेवून त्याच्यासकट शिवलंत तर आणखी बरं.

बंदांची जागाही पाहा. जोड फार मध्ये घेतले तर पिशवीच्या दोन्ही बाजू कानासारख्या लोंबतात, फार कडेला घेतले तर तोंड मधून खाली झुकतं. रुंदीच्या एक चतुर्थांशावर बंदाची बाहेरची कड आली की बहुधा जमतं. पूर्ण गोलात १२० टाके असतील तर एका अंगाला ६०. कडेचे १५ सोडायचे, ६ वर बंद, मधले १८ सोडायचे, पुन्हा ६ वर बंद, उरले १५.

हे मोजतानाच एक वेगळीच तक्रार समोर येते. टाके बरोबर मोजले तरी समोरचे आणि मागचे बंद एकमेकांसमोर येत नाहीत, पिशवी पिळल्यासारखी दिसते. न उलटता गोल गोल विणत गेलं की मुका खांब आपल्या खालच्या टाक्याच्या बरोबर डोक्यावर बसत नाही, किंचित बाजूला सरकतो. तीस-चाळीस फेऱ्यांत ते सरकणं चांगलं चार बोटं होतं. सुरुवातीला लावलेली खूण तोवर पिशवीच्या भलत्याच बाजूला गेलेली असते. त्या खुणेवर विश्वास ठेवू नका. वीण संपली की पिशवी तळाच्या आकाराप्रमाणे नव्याने सपाट घाला, दोन्ही घड्यांवर नव्या खुणा लावा आणि तिथून मोजा. पुढच्या वेळी प्रत्येक फेरी स्लिप स्टिचने जोडून उलटून विणलीत तर सरकणं उभंच राहत नाही, कारण एका फेरीचं सरकणं दुसरी फेरी भरून काढते.

अंगाची वीण

इथे पहिला उपाय सुईचा. दोऱ्याच्या गुंड्यावरच्या कागदावर जी सुई सुचवलेली असते ती बहुधा कपडा विणण्यासाठी. कपड्याला पडायला हवं, झुलायला हवं, पिशवीला नको. कागदावर ४ मिमी असेल तर मी ३.५ घेते, हात सैल असेल तर ३. दहा सेंमीचा चौकोन विणा, उजेडासमोर धरा आणि दोन्ही हातांनी ताणा. टाक्यांमधून पेन्सिलीचं टोक आरपार जात असेल तर आणखी बारीक सुई.

बारीक सुई आणि सुती दोरा यांनी मनगट दुखतं, हे खरं. त्यावर एक तोड आहे. मुका खांब घालताना टाक्यातून धागा ओढायचा त्या वेळी आपण धागा सुईवरून घेतो. त्याऐवजी सुई धाग्याच्या वरून नेऊन धागा खालून पकडायचा. टाका फुलीसारखा दिसतो, दोरा थोडा कमी खातो, वीण आपोआप घट्ट येते आणि गोल विणताना तिचं सरकणंही कमी होतं. पहिल्या दहा ओळी हात वळत नाही, नंतर उलट जुना टाका विसरायला होतं. फक्त एकदा धरलेली रीत शेवटपर्यंत ठेवा. मी एकदा निम्म्यातून बदलली आणि पिशवीच्या पोटावर स्पष्ट पट्टा उमटला. लोक विचारायचे, मुद्दाम केलंय का. मी हो म्हणायचे.

तोंड फाकत असेल तर शेवटच्या दोन फेऱ्या अर्धा मिलिमीटर बारीक सुईने स्लिप स्टिचच्या घाला. फार आवळू नका, नाहीतर बटव्याची चुण्या पडलेली तोंडं दिसतात तसं दिसेल.

तळाबद्दल थोडक्यात. तळ वाटीसारखा वर वळत असेल तर वाढीव टाके कमी पडले आहेत, झालरीसारखा लहरत असेल तर जास्त झाले आहेत. मुक्या खांबाच्या सपाट गोलाला दर फेरीत ६ टाके वाढवायचे, लांबट तळाला तेच ६ दोन्ही टोकांना तीन-तीन वाटून. उंच खांबाच्या गोलाला १२ लागतात. तळ दुहेरी दोऱ्याने विणला तर झोळ कमी पडतो.

दोऱ्याचं काय

मी दोऱ्याकडे शेवटी येते आहे, कारण सगळ्या तक्रारी तिथूनच सुरू होतात आणि बहुतेक वेळा तो निर्दोष सुटतो. तरी फरक आहे.

साधा सुती दोरा वजनाला जड, पण धुऊन सपाट वाळवला की बराचसा मूळ मापावर येतो. मर्सराइज्ड सुती दोरा त्याहून कमी वाढतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जॉन मर्सर या इंग्रज माणसाने सुताला कॉस्टिक सोडा लावला तेव्हा ते आक्रसलं आणि मजबूतही झालं. पुढे हीच प्रक्रिया सूत ताणून धरून करायला लागले तेव्हा त्याला चकाकी आली. बंदासाठी मला हाच दोरा आवडतो. मात्र तो गुळगुळीत असतो आणि त्यात ओवून लपवलेली टोकं निसटतात; टोक १५ सेंमी तरी ठेवा आणि एकदा एका दिशेने, मग उलट, मग तिसऱ्यांदा दिशा बदलून ओवा.

ॲक्रिलिक हलकं, रंगीत आणि धुवायला सोपं, पण कुल्ह्याला घासून घासून त्यावर गोळे येतात. त्यावर गरम इस्त्री फिरवली तर वीण कायमची लुळी पडते, पुन्हा उभी राहत नाही. शालीला तो गुण म्हणून वापरतात, पिशवीला तो शाप. टी-शर्टाच्या कापडाच्या पट्ट्यांचा जो जाड धागा मिळतो तो मुळात ताणला जाणाऱ्या कापडाचा. तळाला ठीक आहे, बंदाला अजिबात नको. तागाची सुतळी वाढत नाही फारशी, पण खांद्याला खरखरते, कपड्यांवर तंतू सोडते आणि ओली झाली की तिचा जोर कमी होतो.

अस्तर घातलं तरी लोंबते?

ही तक्रार मी स्वतः केलेली आहे. पिशवी ३४ सेंमी उंच, म्हणून अस्तर ऐसपैस ३६ चं शिवलं, आत सुरकुत्या पडल्या तर पडल्या. मग काय होणार? ओझं अस्तराच्या तळाशी बसतं, अस्तराचा तळ विणीच्या तळावर टेकतो आणि सगळा भार पुन्हा विणीवरच. अस्तर आत नुसतं पाहुणा म्हणून राहतं.

अस्तर पिशवीच्या उंचीपेक्षा एक-दीड सेंमी कमी हवं. म्हणजे वीण ताणली जायच्या आधी अस्तर ताणलं जातं आणि ओझं ते उचलतं. कापड विणीव सुती, उभा धागा पिशवीच्या उंचीच्या दिशेने. उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपं, कापलेलं अस्तर विणीइतकंच लोंबतं. कापड शिवायच्या आधी धुऊन वाळवा, पिशवीही धुऊन वाळवूनच मापा, नाहीतर पहिल्या धुण्यात दोघांची भांडणं लागतात. आणि बंदाच्या जोडाची शिलाई अस्तरातूनही गेली पाहिजे. अस्तर काठालाच टाचलेलं असेल आणि बंद विणीलाच शिवलेला असेल तर मधला काठ ताणला जातोच.

लॅपटॉपसारखं जड सामान रोज असेल तर मी आणखी एक करते. बंदातला पट्टा जोडापाशी न कापता अस्तर आणि वीण यांच्या मधून खाली नेते, तळाखालून काढून दुसऱ्या बाजूने वर, म्हणजे एक अखंड वेढा होतो. तळाशी आणि काठाशी टाचून टाकायचा. अशा पिशवीत ओझं पट्ट्याच्या झोळीत बसतं आणि वीण फक्त अंगावर घातलेल्या कपड्यासारखी राहते. माझ्या मावशीला हे मुळीच पटलेलं नाही. तिच्या मते मग विणायची कशाला, सरळ कापडाचीच शिवावी. तिच्या हाताला घट्टपणा आहे, तिच्या पिशव्या पट्ट्याशिवाय टिकतात. माझा हात सैल आहे, मला पट्टा लागतो.

आधीच लोंबलेल्या पिशवीचं काय करायचं

लगेच उसवू नका. लोंबलेल्या बंदाची एक चांगली बाजू असते: सर्वांत मोठी वाढ पहिल्या काही आठवड्यांतच होऊन गेलेली असते, फंदे आवळून बसलेले असतात. त्यामुळे बंद एका टोकाने सोडून हव्या मापावर घडी करून पुन्हा शिवला तर तो परत तेवढा वाढत नाही. हेच मी आता नव्या पिशवीला मुद्दाम करते. बंद विणून झाले की शिवायच्या आधी दोन रात्री बाटली बांधून टांगते आणि मग मापून शिवते. सोबत दोन्ही कडांना स्लिप स्टिच. अरुंद झालेला बंद खांद्याला रुतत असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक मुक्या खांबाची ओळ वाढवता येते.

अंग लोंबलं असेल तर सुती पिशवी कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढायचं. पिळायची नाही. मग मूळ मापाची खोली आणि रुंदी टेपने पाहत हाताने आत ढकलत ढकलत सपाट कपड्यावर वाळवायची. वाळली की लगेच अस्तर घाला, तोवर रिकामीच ठेवा. ॲक्रिलिकला या उपायाने फारसा फरक पडत नाही. तिथे तोंडाकडच्या दोन-तीन फेऱ्या उसवून उंची कमी करणं सोपं. काठ फाकलेला असेल तर शेवटची फेरी उसवून दर आठवा-नववा टाका मिटवत पुन्हा घालायची.

जोडापाशी दोरा झिजून तुटायला आला असेल तर मात्र वरवर टाके घालू नका. त्या जागी आतून कापडाचा तुकडा ठेवून चौकोन मोठा करा, झिजलेल्या जागेच्या खाली दोन सेंमीपर्यंत. झिजलेल्या दोऱ्याला नव्या शिलाईचा ताण दिला की तो तिथेच तुटतो, आणि तुटतो तो नेमका पिशवी भरलेली असताना.

धुतलेली पिशवी दोरीवर बंदांनी वाळत घालू नका. सुती वीण भरपूर पाणी धरते आणि ते सगळं वजन बंदांवरच येतं. महिन्याभराच्या वापरात जी वाढ होते ती एका दुपारीत होते. घरातलं दुसरं कुणी कपडे वाळत घालत असेल तर त्यांनाही हे सांगून ठेवा. माझी चौथी पिशवी, जिच्यात मी वरचं सगळं केलं होतं, ती अशीच गच्चीवर सापडली. पट्टा होता म्हणून वाचली.